व्लादोच्या शाफ्टचा तळ

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या कूबर पेडीत यागोदाच्या हाताखालून गेला नाही असा कॉम्प्युटर नव्हता. शाळेतले, दवाखान्यातले, मोटेलातले. सगळ्यांचं दुखणं एकच, तांबडी धूळ. तिचा थोरला भाऊ व्लादो ओपलच्या रत्नांपायी जमीन पोखरायचा, आणि ती त्याच मातीनं गुदमरलेली यंत्रं झटकून द्यायची.

मंगळवारी सकाळी व्लादो नव्या खाणीवर गेला तो परतला नाही. गुरुवार उजाडला.

नवी खाण कुठे, ते कुणालाच ठाऊक नव्हतं. ओपलवाला सख्ख्या बहिणीलाही जागा सांगत नाही. चाकांच्या खुणा नकोत म्हणून व्लादो गाडी हमरस्त्यालाच सोडून पायी जायचा. गावाभोवती शाफ्ट हजारोंनी, माणूस जेमतेम मावेल अशी उभी भोकं. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात शोधपथक एकेका भोकाशी वाकून हाका मारत होतं.

आणि गुरुवारी सकाळी यागोदाला तो गेम आठवला. त्यात ठोकळे रचून हवं ते जग उभं करता यायचं. व्लादो आपली प्रत्येक खाण त्यात हुबेहूब बांधायचा आणि शाफ्टच्या तळाशी पाटी ठोकायचा: खरी खाण कुठल्या खुणेपासून किती पावलांवर, कुठल्या दिशेला.

डोंगरात कोरलेल्या त्याच्या घरात शिरून तिनं त्याचा कॉम्प्युटर लावला. गेममधल्या नव्या शाफ्टच्या शिडीवरून उतरू लागली. पडद्याच्या कोपऱ्यात प्रोसेसरचं तापमान दिसत होतं. साठ. ऐंशी. शंभर. पडदा काळा झाला.

ती घाबरली नाही. हे तिचं रोजचं काम होतं. डबा उघडला, धूळ उडवली, प्रोसेसर थंड ठेवणारी वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली. पुन्हा उतरली. पाच पायऱ्या जास्त, आणि पुन्हा अंधार.

चित्राचा दर्जा कमी केला. उपयोग नाही. मग तिच्या लक्षात आलं, शाफ्टच्या तोंडाशी तासभर उभं राहिलं तरी आकडा पन्नासच्या वर जात नव्हता. खाली पाऊल टाकलं की चढायचा. गेमला वर काय नि खाली काय, सारखंच काम. असं व्हायलाच नको होतं.

शेजारचे स्टेलिओसकाका पथकातून पाणी प्यायला आले. त्यांच्या भुवयांवरसुद्धा माती होती.

"काही कळलं का गं?"

"तळाला पोचूच देत नाही, काका. तापतो आणि मरतो."

"पंखा लाव की."

"तीन लावलेत. दिसत नाहीत?"

"माझ्यावर कशाला खेकसतेस? मी का तापवतोय त्याला?"

तिनं डोळे पुसले आणि ते सगळं जग आपल्या नव्या मशीनवर उतरवून घेतलं. तिथंही तेच. त्याच पायरीला, त्याच आकड्याला.

ती परत व्लादोच्या मशीनकडे वळली. पडदा नुकताच विझला होता. तिनं प्रोसेसरवरच्या धातूला बोट लावलं, चटका बसेल म्हणून हात आखडूनच.

धातू थंडगार होता.

"सेन्सर गेला असेल," काका म्हणाले.

"दोन्ही मशीनचा?"

काका पंख्याशी वाकले. पंख्यातून येणाऱ्या हवेला नुकत्याच उकरलेल्या मातीचा वास येत होता.

सातव्या वेळी तिनं प्रोसेसरचा वेग होईल तेवढा खाली आणला. चित्र अडखळत सरकू लागलं.

"काका, पडद्याकडे बघा. दिसेल ते लिहून घ्या."

नव्वद. पंच्याण्णव. शेवटची पायरी.

अठ्ठ्याण्णव. पाटी.

काकांनी तळहातावर लिहिलं. पडदा विझला.

व्लादो दुपारी सापडला. पाय मोडलेला, पण जिवंत. डॉक्टर म्हणाले, इतकं रक्त गेल्यावर आज सकाळीच गार पडायला हवा होता.

संध्याकाळी दवाखान्यात यागोदा त्याच्या उशाशी बसली.

"तुला अक्कल आहे का गं?" तो पुटपुटला. "दोराशिवाय उतरलीस. शिडी पार कुजलीय ती."

"मी कुठे उतरले?"

"थापा नकोस मारू. आज सात वेळा आलीस. दर वेळी आणखी जवळ यायचीस. अंग कसलं तापलं होतं तुझं! त्या उबेवरच तगलो. पण जरा बरं वाटतंय तोवर गायब."

यागोदानं त्याच्या केसांवरून हात फिरवला. "बरं. आलो ना बाहेर आपण? झोप आता."

"ती दुसरी मात्र एकदाही उठून गेली नाही."

"कोण दुसरी?"

"मला वाटलं, तूच आणलीस. मंगळवारपासून तिनं हात धरलाय." त्यानं डोळे मिटले. "सांग ना तिला. आता सोड म्हणावं."

त्याचा डावा हात चादरीखाली होता. यागोदानं चादर बाजूला केली.

हात रिकामा होता. पण कुणी मुठीत आवळून धरावीत तशी बोटं एकमेकांना चिकटली होती, टोकांशी पांढरीफटक. यागोदा बघत होती तेवढ्यात बोटं आणखी जराशी दबली.