घर दाखवणाऱ्या बाई

मला थापा मारायची सवय आहे, हे माझे नातेवाईक तुम्हाला न विचारताही सांगतील. ही मात्र थाप नाही.

बुधवार होता. सकाळचे अकरा वाजले होते. भुतांची ही वेळ नव्हे, हे मलाही मान्य आहे.

माझ्या भाचीने चांगली नोकरी सोडून घरं भाड्याने देणारी ऑनलाइन कंपनी काढली. वैशिष्ट्य एकच. मध्ये दलाल नाही. मोबाईलवर कोड येतो, तो दारावरच्या कुलपात दाबायचा आणि रिकामं घर आपलं आपण बघायचं.

दोन वर्षांत तीन घरांची तीनशे झाली. भाचीचं वजन तेवढ्याच वेगाने उतरलं.

मग ग्राहकांचे अभिप्राय येऊ लागले. घर ठीक, पण दाखवणाऱ्या बाई फार चांगल्या.

कुठल्या बाई?

कंपनीत घर दाखवायला कुणीच नव्हतं...

भाची आधी हसली. मग एकाच दिवशी, एकाच वेळी, शहराच्या दोन टोकांच्या घरांतून तेच कौतुक आलं. बाईंनी म्हणे भिंतीतली ओलसुद्धा स्वतःहून दाखवली. घर दाखवणारं माणूस खरं बोलतंय, म्हणजे संशय इथेच यायला हवा होता.

दिसायला कशा होत्या, ते मात्र कुणालाच आठवेना...

गुंतवणूकदारांना वाटलं, भाचीने गुपचूप दलाल ठेवलेत. शुक्रवारपर्यंत हा प्रकार थांबला नाही तर ते हात काढून घेणार होते. म्हणजे कंपनी बंद.

"मामा, तुम्ही गिऱ्हाईक म्हणून जा," भाची म्हणाली. "तुम्ही दिसताच मुळी घरातून हाकलल्यासारखे."

त्या बुधवारी मी गेलो. तिसरा मजला. कोड दाबला. घर मोकळं होतं, माझ्याच पावलांचा आवाज घुमत होता.

मी थांबलो...

पावलं थांबली नाहीत.

"या," आतल्या खोलीतून आवाज आला. "चप्पल राहू द्या पायात."

आत गेलो. कुणी नाही. आवाज आता त्याच्या पुढच्या खोलीत होता. इथे दुपारी फार तापतं, तिकडे पाण्याचा जोर कमी आहे... सगळं घर बाईंनी असंच दाखवलं. कायम एक खोली पुढे.

शेवटची खोली आली. पुढे जायला जागाच नव्हती.

आवाज माझ्या मागून आला.

"हे राहू द्या. तुमचं स्वतःचं घर कसं आहे?"

माणूस घाबरला की खरं बोलतो. मी म्हणालो, "बरं आहे. दोन खोल्या. एकटाच असतो."

मग जिना कसा उतरलो, ते माझ्या पायांना विचारा.

भाचीला सांगितलं, तिथे कुणी नाही, लोक काहीही लिहितात. ती कुलपाची नोंद बघत होती; दारातून किती माणसं आत-बाहेर गेली, तेही ते मोजतं.

"आत एक गेला, बाहेर दोन आले," ती म्हणाली. "मशीन बिघडलंय वाटतं, मामा."

बदलून टाक, म्हणालो.

त्या दिवसापासून एकाही अभिप्रायात बाई नाहीत. गुंतवणूकदार थांबले. कंपनी आणखी दोन शहरांत निघालीय. भाची म्हणते, मामांचा पायगुण.

मी खूश आहे. फक्त हल्ली सकाळी पेपर वाचत बसलो, की आतल्या खोलीत कुणीतरी बोलत असतं... हळू, अदबीने, समजावल्यासारखं.

"ऊन छान येतं. शेजार शांत आहे. सध्या एक गृहस्थ राहतात."

मग जरा वेळ काहीच नाही. समोरच्याने काहीतरी विचारलेलं असावं.

"नाही... फार दिवस थांबावं लागणार नाही."