घमेल्यातली चमक

गुंजन चौकाच्या सिग्नलला आम्रपालीची स्कूटी बंद पडली, तेव्हा मागून हॉर्नची अशी सरबत्ती सुरू झाली की कुणालाही वाटावं, या पोरीनं मुद्दामच गाडी बंद पाडलीय! हिरवा दिवा लागल्यावर पुण्यात कुणी कुणाला माफ करत नाही. थंडीची सकाळ, ऑफिसला उशीर, किक मारून मारून पोटरीत गोळा आलेला... आणि डोळ्यांत पाणी यायला नुसतं टपलेलं.

तेवढ्यात शेजारी एक जुनी काळी मोटरसायकल धडधडत येऊन थांबली.

"चोक ओढला का?"

"ओढला."

"पेट्रोल?"

"आहे."

"मग रुसली असेल. जरा गोड बोला तिच्याशी."

"तुम्हीच बोला! मला ऑफिसला जायचंय."

तो खरंच उतरला. स्कूटी ओढत कडेला घेतली, प्लग काढला, खिशातल्या पांढऱ्याशुभ्र रुमालानं घसाघसा पुसला, परत बसवला. पहिल्या किकला गाडी सुरू! रुमाल मात्र काळाठिक्कर झाला.

"द्या, धुऊन देते," ती ओशाळून म्हणाली.

"द्या की. पण कुठं आणून देणार?"

बोलता बोलता त्याची नजर तिच्या गळ्यातल्या ओळखपत्रावर गेली आणि तो हसायला लागला. त्यानंही जर्किनच्या आतून आपलं ओळखपत्र काढून दाखवलं. कंपनी एकच, विमाननगरची! ती पाचव्या मजल्यावर, तो तिसऱ्या. आणि त्यावरचं नाव – उत्तरेश्वर.

"केवढं मोठं नाव!"

"केजचाय मी. आमच्याकडं देवळावरून ठेवतात. तुमचंही काही लहान नाही."

रुमाल दुसऱ्या दिवशी परत गेला. पण एकदा ओळख झाल्यावर ती काय रुमालावर थांबते? मग कॅन्टीनचा चहा झाला, 'तुम्ही'चं 'तू' झालं, आणि तिनं सहज म्हटलं म्हणून तो रविवारी सकाळी सदाशिव पेठेतल्या खोलीवरून थेट विश्रांतवाडीला येऊन तिला गिअरची गाडी शिकवू लागला. गाडी त्याच्या हिंदुरावमामांची. भाचा इंजिनिअरिंगला लागला तेव्हा मामांनी ती त्याला दिलेली, आणि याचा तिच्यावर असा जीव की मित्रांनाही हात लावू द्यायचा नाही. आम्रपालीला मात्र पहिल्याच दिवशी म्हणाला, "बस. क्लच हळू सोड... हळू गं! क्लच आहे, कबूतर नाही."

तिच्या घरीही तो येऊ-जाऊ लागला. पहिल्यांदा आला तेव्हा त्यानं आपणहून पाणी मागून घेतलं, आणि तिच्या आईच्या, नंदाताईंच्या हातचं पिठलं दोनदा वाढून घेतलं. टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या तिच्या वडिलांनी, भीमरावांनी वर्तमानपत्राआडून ते नीट बघून ठेवलं होतं.

मग त्याला कंपनीनं चार महिन्यांसाठी इंग्लंडला पाठवायचं ठरवलं. नेमकं त्याच आठवड्यात त्यानं गाडीचं इंजिन खोलून घेतलं होतं – नवा पिस्टन, नव्या रिंगा. निघायच्या दिवशी त्यानं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"उभी राहिली तर खराब होईल. तूच चालव. पण चाळीसच्या वर नाही हं, इंजिन नवं आहे. आणि पहिलं ऑइल लवकर बदल."

"बरं."

"आणि... आलो की एक बोलायचंय."

"आत्ता बोल की!"

"आल्यावर."

नाव उत्तरेश्वर, पण उत्तर द्यायची वेळ आली की स्वारी विमानात!

दोन महिने ती रोज चाळीसनं ऑफिसला गेली. रिक्षावाले चिडवत पुढं जायचे, एकदा तर एका सायकलवाल्यानंही मागं टाकलं. तिनं सगळं सोसलं. आणि मग एका रविवारी पहाटे त्याचा फोन आला.

"इथं दोन वर्षं थांब म्हणतायत."



"छान की," ती म्हणाली. "अभिनंदन."

"खरंच छान?"

"हो... चांगली संधी आहे."

अहो, मुलगी अशा सुरात 'छान' म्हणाली की छान नसतं, एवढं ज्याला कळत नाही त्याला इंजिनिअर करतं कोण? आम्रपालीनं फोन ठेवला, जिना उतरली, गाडी काढली आणि आळंदी रोडला लागली. रस्ता मोकळा. पन्नास... साठ... सत्तर! डोळ्यांतलं पाणी वाऱ्यानं कानाकडं पळत होतं. दिघी मागं पडली तेव्हा इंजिनचा आवाज बदलला, कसासाच घोगरा झाला, तशी तिनं घाबरून गाडी वळवली. परत येताना तिनं गाडी तिसाच्या वर नेली नाही.

त्या दिवसापासून तिच्या मनात एकच – आपण त्याची गाडी घालवली. तो मेलमध्ये विचारायचा, 'ऑइल बदललं का?' आणि ही विषय बदलायची. तेल काढलं तर आत काय निघेल, याचीच तिला धास्ती.

पण दिवस काही कुणासाठी थांबत नाहीत. चार महिने भरले तसा तो दहा दिवसांच्या सुट्टीवर आला. आधी केजला आईला भेटला आणि शनिवारी चारला गाडी घ्यायला येतो म्हणाला. सोमवारी त्याला कंपनीला दोन वर्षांचं हो की नाही ते कळवायचं होतं.

शनिवारी सकाळी आम्रपाली सोसायटीच्या पार्किंगमध्ये बसकण मारून बसली. बांधकामातून उरलेलं एक घमेलं नंदाताईंनी कालच काढून दिलं होतं. तिनं ते इंजिनखाली सरकवलं, बोल्ट सैल केला, आणि काळं गरम तेल धारेनं खाली आलं.

भीमराव दुधाची पिशवी घेऊन तिथूनच चालले होते. "तेल काढून झालं की गाडीही पुसून ठेव. जाणाऱ्या पाहुण्याला सामान स्वच्छ द्यावं."

"बाबा, तुम्ही जा ना वर!"

ते गेले. तिनं घमेलं उन्हात ओढलं. तेलात चमक होती. बारीक चंदेरी भुकटी, बोटावर घेतली तर बोटही चमकायला लागलं. आणि त्या भुकटीच्या मधोमध एक वेटोळं झालेला धातूचा चकचकीत कीस!

ती तशीच उठून कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेत गेली. तेलात धातू दिसला तर काय, ते शोधलं. एकानं लिहिलं होतं, इंजिन आतून खातंय. दुसऱ्यानं लिहिलं होतं, आता गाडी भंगारात द्या. तिसरं पान उघडायची तिची छाती झाली नाही. घरी आली, जेवली नाही, घड्याळाकडं बघत बसली. गाडीला हात न लावू देणाऱ्या माणसानं तिच्यावर विश्वास टाकला होता... आणि तिनं रागाच्या भरात त्याचं वाटोळं केलं. आता तो किल्ली घेईल, सोमवारी हो म्हणेल, आणि जाईल. बोलायचं ते बोलायचं राहूनच जाईल.

चारला तो आला. थोडा गोरा झालेला, थोडा वाळलेला, हसू तेच. तिला त्याच्याकडं बघवेना.

"काय गं, रुसलीस? चोक ओढू का?"

"उत्तर, आधी इकडं ये."

तिनं घमेल्यावरचा कागद काढला. तो उकिडवा बसला, दोन बोटांत तेल चोळलं.

"ही बारीक भुकटी होय? ही येतेच. नवा पिस्टन, नव्या रिंगा – एकमेकांना घासून घासून जागा करून घेतात. पहिल्या तेलात नाही आली तर नवल. भ्यायचं काय त्यात?"

मग त्याला तो कीस दिसला. त्याचं हसू मावळलं. त्यानं तो नखावर घेतला, उजेडात धरला. "हे मात्र... हे कुठून आलं?"

आम्रपालीला राहवलं नाही. "माझ्यामुळं! मी सत्तरनं पळवली. एकदाच, पण पळवली."

"सत्तर? का?"

"तू दोन वर्षं म्हणालास म्हणून! मी छान म्हणाले आणि तुला ते खरं वाटलं म्हणून! मला नाही छान वाटलं. मला... तू इथं हवा आहेस. रोज हवा आहेस. झालं? आता दे शिव्या, आणि जा कुठं जायचं तिथं!"

ती ओंजळीत तोंड लपवून रडायला लागली. ओंजळ तेलाची, त्यामुळं गालांवर काळे पट्टे उठले.

"इंजिन जाऊ दे," तो म्हणाला. "परत खोलता येईल."

"मामांची गाडी आहे ती..."

"ऐक आता. गाडी चार महिने खोलीखाली झाकून ठेवली असती, तरी काही बिघडणार नव्हतं. मी थाप मारली. किल्ली तुझ्याकडं राहिली म्हणजे मी रोज तुझ्या ध्यानात राहीन, म्हणून दिली. लई भित्रा आहे मी, आमू. बोलायचं धाडसच होत नव्हतं." त्यानं खिशातून रुमाल काढला. तोच, पहिल्या दिवशीचा, तिनं धुऊन दिलेला. "केजला आईला सांगून आलोय. तुझं नाव, आडनाव, घर, सगळं सांगितलं. आई दोन दिवस बोलली नाही माझ्याशी. निघताना तिनं तुझ्यासाठी चटणी बांधून दिली."

आम्रपालीनं रुमाल घेतला. "आणि मामा?"

"मामांनी विचारलं, पोरगी गाडी कशी चालवते."

रडता रडता तिला हसू फुटलं. "मग... काय सांगितलंस?"

"जपून चालवते म्हणालो. खोटं बोललो बघ मामांशी!"

तेवढ्यात नंदाताई चहाचा ट्रे घेऊन खाली आल्या. त्यांनी आधी मुलीचं तोंड बघितलं, मग त्याच्या नखावरचा कीस.

"अगं बाई, हा माझ्या घासणीचा! काल त्या घमेल्याचं सिमेंट निघता निघेना. नवी तारेची घासणी मोडली मी त्याच्यापायी. म्हटलं, पाहुण्याच्या गाडीचं तेल, घाणेरड्या घमेल्यात कशाला धरायचं!"

दोघंही त्यांच्याकडं बघतच राहिली. मग उत्तरेश्वर असा काही हसत सुटला की दोन मजले वरून लोक डोकावले. नंदाताईंना हसण्याचं कारण कळेना. त्या "चहा गार होतोय" म्हणत वर निघून गेल्या.

त्यानंच बोल्ट आवळला, नवं तेल ओतलं. तिनं किल्ली पुढं केली.

"तुझी किल्ली. आणि सोमवारी काय कळवणार आहेस, ते आता सांग. आल्यावर नाही, आत्ता."

"'नाही' असं कळवणार आहे. केजहून निघतानाच ठरवलं होतं. आता फक्त एवढंच विचारायचंय..." त्यानं किल्लीसकट तिचा तेलकट हात धरला. "लग्न करशील माझ्याशी?"

"एवढं सांगायला चार महिने लागले?"

"उत्तर दे ना!"

"करीन," ती म्हणाली. आणि मग, जराशा दटावणीच्या सुरात, "मागं बस."

मित्रांनाही हात न लावू देणारा उत्तरेश्वर निमूटपणे मागं बसला. वर गॅलरीत वर्तमानपत्र हललं.

"आमू!" भीमराव ओरडले. "तेल नवं आहे, पाहुणा नवा आहे. चाळीसच्या वर नको!"

आळंदी रोड उतरत्या उन्हात मोकळा पडला होता. त्यानं हळूच तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि कानाशी वाकून म्हटलं, "घे की सत्तर. मी काही म्हणणार नाही."

तिनं नकाराची मान हलवली. सत्तरनं गेलं तर आळंदी लगेच येते. तिनं काटा चाळीसवर ठेवला, आणि मागून हॉर्न देणाऱ्या सगळ्यांना खुशाल पुढं जाऊ दिलं.