होडीची आंघोळ

"ए पीच, नीट झाड. नुसता झाडू घेऊन नाचतोयस," मोलिका म्हणाली.

"दोनदा झाडलं मी इथं," दहा वर्षांचा पीच फुरंगटून म्हणाला. "झाडलं की परत पडतंय. ही होडी वरून रवा सांडतेय का काय?"

विहारामागच्या छपराखाली ती तिघंच होती: तेरा वर्षांची मोलिका, तिच्या वर्गातला बोरेय आणि शेजारचा पीच. यंदा कॅलेंडरनं मुलांवर भलतीच मेहेरबानी केली होती. आधी स्वातंत्र्यदिन आणि मग चारच दिवसांनी पाण्याचा सण, तोही तीन दिवसांचा! शाळेनं मधले दिवसही सोडून दिले होते आणि त्या बदल्यात मुलांना कामाला जुंपलं होतं. पताका लावा, झेंड्याचा खांब रंगवा, होडीखालची जागा झाडा. उद्या झेंडावंदन झालं की प्रेक चान गावची लांब होडी नदीत उतरायची होती आणि सहासष्ट वल्हेकरी घेऊन राजधानीच्या शर्यतीला निघायची होती.

तीन वर्षं सण झालाच नव्हता. आधी साथ आली, मग नदीला पाणी राहिलं नाही. तीन वर्षं होडी छपराखाली कोरडी पडून होती. आता तिला लाल-पिवळा रंग चढला होता, आणि नाकाडावर नवे डोळे काढून झाले होते.

मोलिका गुडघ्यांवर बसली. पीचच्या झाडूखाली खसखशीएवढे दाणे होते, तपकिरी, सगळे सारखे.

"हा रवा नाही रे. ही वाळवीनं टाकलेली घाण आहे. आमच्या घराचा खांब असाच पोकळ झाला होता. वरून चांगला दिसायचा, आणि एक दिवस आईचं बोट आरपार गेलं."

बोरेयनं मुठीनं होडीचा तळ ठोकायला सुरुवात केली. पुढं आवाज टणक आला. मधे आला तो रिकाम्या डब्यासारखा. त्याच्या थोडं मागं तर आवाजच आला नाही, दगडावर मूठ मारावी तसं झालं. बोरेयनं हात मागं घेतला.

"काय झालं?" मोलिकानं विचारलं.

"विहाराच्या भिंतीसाठी आणलेलं सिमेंट बाबा परवा इकडं घेऊन आले होते," तो हळू म्हणाला. "मी विचारलं तर म्हणाले, तुला काय करायचंय."

बोरेयचे बाबा, सारून काका, होडीचे प्रमुख होते. बोरेयचा मोठा भाऊही होडीवर होता. आणि मोलिकाचा विराकदादा अकराव्या रांगेत बसणार होता.

पोकळ तळात सिमेंट भरून वरून रंग दिला होता; यापुढचं मोलिकाला कोणी सांगायची गरज नव्हती. आठ वर्षांपूर्वी याच सणात, राजधानीसमोरच्या भर नदीत, तिचे बाबा बुडाले होते. होडी जुनी होती, एवढंच लोक सांगत. त्यापुढं विचारलं की सगळे विषय बदलत.

तिघं तडक सारून काकांकडं गेली. ते पताकांची दोरी ओढत होते.

"काका, होडीला वाळवी लागलीय," मोलिका म्हणाली. "रंग थोडा खरवडून बघा ना."

"खरवडून?" काकांनी दोरी सोडली. "डोळे उघडलेत तिचे, कळतंय का? एकदा डोळे उघडले की ती जिवंत झाली. तिच्या अंगाला आता लोखंड लावायचं नाही. साधी सुरीसुद्धा नाही. तुला कोणी शिकवलं नाही का हे?"

"पण बाबा, आतलं सिमेंट..." बोरेय म्हणाला.

"बोरेय, घरी जा."

ते असं काही म्हणाले की पीच मोलिकाच्या मागं लपला. बोरेय मात्र घरी गेला नाही.

विराकदादा घराच्या पायरीवर बसून वल्हं घासत होता. वीस वर्षांचा होता तो, आणि गेली तीन वर्षं त्याला दुसरं काही सुचत नव्हतं.

"तुला नको असेल मी जायला, तर तसं सांग," मोलिकाचं सगळं ऐकून तो म्हणाला. "उगाच गोष्टी रचू नकोस. आईनं परवानगी दिलीय."

"आईनं परवानगी दिली आणि तेव्हापासून ती जेवली नाहीये. तुझं लक्ष आहे का घरात?"

विराकनं वल्हं उलटं फिरवलं आणि दुसरी बाजू घासायला घेतली. मोलिकाला इतका राग आला की ते वल्हं नदीत भिरकावून द्यावंसं वाटलं.

"लोखंड लावायचं नाही," परत छपराकडं जाताना ती पुटपुटत होती. "सुरी नाही, खिळा नाही..."

"पाणी चालतं का?" पीचनं विचारलं. "नाही म्हणजे, सणाआधी आमच्या बुद्धाच्या मूर्तीला आई आंघोळ घालते. हिला कोणीच नाही घातली. तीन वर्षं पारोशीच आहे बिचारी."

मोलिका आणि बोरेय जागच्या जागी थांबले. मग बोरेयनं पीचच्या पाठीत असा धपाटा घातला की तो कळवळला.

विहाराचे मोठे भन्ते ओसरीवर केळी सोलत बसले होते. मोलिका वाकून बसली आणि म्हणाली, "भन्ते, उद्या निघायच्या आधी आम्हा मुलांना होडीला आंघोळ घालायचीय. बाहेरून नाही. आतून, काठोकाठ."

भन्तेंनी एकदा छपराकडं नजर टाकली. त्यांनी सोललेलं केळ पीचच्या हातात दिलं.

"लेकरांनी आईला आंघोळ घालायची तर परवानगी कसली?" ते म्हणाले. "मी स्वतः येईन. पहिली बादली माझी."

दुसऱ्या दिवशी सकाळी झेंडा चढला, राष्ट्रगीत झालं, तालुक्याहून आलेले साहेब स्वातंत्र्यावर अर्धा तास बोलले. मग शाळेची सगळी पोरं घाटापासून छपरापर्यंत रांगेत उभी राहिली आणि हातोहात बादल्या येऊ लागल्या. होडी लाकडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. भन्तेंनी मंत्र म्हणत पहिली बादली ओतली.

"भन्ते, शिंपडलं तरी पुरे आहे," सारून काका कसंनुसं हसत म्हणाले. "उशीर होतोय. लांब जायचंय."

"तिनं तीन वर्षं वाट बघितली, सारून," भन्ते म्हणाले. "तू अर्धा तास बघ."

साहेबांसमोर आणि भरल्या गावासमोर काका काय बोलणार? विसाव्या बादलीपर्यंत काही झालं नाही. पन्नासाव्या बादलीला तळाच्या लाल रंगावर फुगा आला. मग तो फुटला आणि पाण्याची धार लागली. गावातली माणसं पुढं सरकली.

"बस करा," काका ओरडले. "थांबवा म्हणतो ना."

मागच्यांना ऐकू गेलंच नसावं. आणखी चार बादल्या आल्या, आणि होडी मधोमध मोडली. कडाडून नाही, कुजका फणस फुटावा तशी. पाणी सगळ्यांच्या पायांवरून वाहत गेलं. त्या चिखलात भाकरीएवढे सिमेंटचे गोळे पडले होते.

"पोरांनी पाणी भरून मोडली," सारून काका म्हणाले. "बघितलंत ना सगळ्यांनी? एवढं वजन कोणती होडी सोसेल?"

बोरेय पुढं आला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं सिमेंटचा एक गोळा उचलला आणि बाबांच्या पायांशी ठेवला.

"पाणी नदीतपण असतं, बाबा," तो म्हणाला. "आणि तिथं दादा आत बसला असता."

विराक गर्दीतून वाट काढत मोडलेल्या होडीपाशी गेला. त्यानं अकराव्या रांगेची फळी धरली आणि नुसती दाबली. ती त्याच्या मुठीत चुरा झाली. मुठीत अर्धवट चिरडलेली वाळवी वळवळत होती. त्यानं मोलिकाकडं बघितलं, आणि तो भर गर्दीत रडायला लागला.

"तीनच दिवसांचा तर प्रश्न होता," सारून काका खाली बसत म्हणाले. "मला वाटलं, टिकेल. आपलं गाव यंदाही घरी बसलं असतं तर लोक काय म्हणाले असते?"

भन्तेंनी तिघांच्या डोक्यांवर हात ठेवला. "सहासष्ट घरांत आज सुतक पडणार होतं. या तिघांनी टाळलं," ते म्हणाले. म्हातारी माणसं एकेक करून येऊन मुलांची पाठ थोपटून गेली. साहेबांनीही मोलिकाचं नाव दोनदा विचारलं आणि वहीत लिहून घेतलं. पण तिला काही आनंद होत नव्हता. बोरेय एकटाच आपल्या बाबांच्या शेजारी चिखलात बसला होता, आणि त्याच्याजवळ जायला कोणी तयार नव्हतं. शेवटी पीच गेला आणि त्याच्याशेजारी फतकल मारून बसला.

तेवढ्यात मोलिकाची आई आली. आठ वर्षांत ती या छपराकडं फिरकली नव्हती. तिनं मोडकी होडी बघितली, सिमेंटचे गोळे बघितले. मग तिनं मोलिकाला जवळ ओढलं.

"तुझ्या बाबांच्या वेळी तुमच्यासारखं एक तरी पोर इथं झाडायला हवं होतं गं," ती म्हणाली.

मग तिनं विराकचा हात धरला आणि ती घरी निघाली. वीस वर्षांच्या विराकनं सगळ्या गावासमोर तो हात सोडवून घेतला नाही.