सेनच्या नावानं हाक

दिव्याची वात जरा वर करा, म्हणजे माझा चेहरा दिसेल आणि मी खोटं बोलत नाही हे तुम्हाला पटेल. ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे. बापाच्या थडग्यावर हात ठेवून सांगतो. आता, थडगं आहे चीनमध्ये आणि मी बसलोय इथे मलायात, पेराकमध्ये, तेव्हा हात काही पोचत नाही. पण भावना पोचते. सगळं मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. सगळं म्हणजे निम्मं. उरलेल्या निम्म्या वेळी मला मागे वळून बघायची सक्त मनाई होती.

काम तसं साधंच होतं. एक सदरा घ्यायचा, खाणीत उतरायचं, आणि एका माणसाला हाक मारत मारत परत यायचं.

आमची खाण किंता खोऱ्यात, कथिलाची. उघडी खाण, मोठ्या तळ्यासारखी, तळाशी लाल चिखल. कावडीनं माती वर आणायची, धुवायची, कथिलाची काळी वाळू वेगळी करायची. पट्टा आमच्या कोंग्सीच्या नावावर होता. कोंग्सी म्हणजे झावळ्यांच्या एका छपराखाली निजणारे, एका कढईतलं जेवणारे आणि कथिलाचं जे येईल ते वाटून घेणारे आम्ही सगळे. जमीन मात्र सरकारची. सरकार ती पट्ट्यानं द्यायचं आणि पट्ट्याला दोन अटी असायच्या. पहिली, खाण ओस पडू द्यायची नाही. ठरलेली माणसं कामावर दिसली पाहिजेत. वर्षातून एकदा जमीन कचेरीचा साहेब येऊन डोकी मोजायचा. एक डोकं कमी भरलं तरी पट्टा रद्द. दुसरी अट अशी की खाणीत जो जायबंदी होईल त्याला भात, औषध आणि छप्पर कोंग्सीनं द्यायचं, पट्टा चालू आहे तोवर. पट्टा संपला की भातही संपला. मग तो लंगडत कुठे जातो, ते सरकारही बघत नव्हतं आणि नवा पट्टेदारही.

आमच्याकडे असे भात खाणारे दोघं होते. एक लोऊदादा, आमचा आचारी. त्याचा एक पाय जुन्या दरडीनं खाल्ला होता. दुसरा सेन. तो नुकताच सापडला होता, दरडीखालीच. मांडी मोडली होती. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या, लेप लावला, पण सेन डोळे उघडे ठेवून नुसता छपराकडे बघत पडून राहायचा. नाव विचारा, उत्तर नाही. ओठाला पाणी लावा, ते गळून जायचं. दरड पाहून आमच्यातले बरेच जण दुसऱ्या खाणींवर पळाले होते, आणि उरलेल्यांत सेन धरला तरच मोजणी पुरी होत होती. उसना माणूस मिळेना. पडक्या खाणीत कोण येतो?

आणि साहेब दुसऱ्या दिवशी सकाळी यायचा होता.

आमचा मुकादम फुंगकाका. त्यानं डोकं चालवलं. म्हणाला, "पाय मोडलेला चालतो साहेबाला. काठावर बसून रहाटावर लक्ष ठेवतो म्हणू. पण नाव विचारलं तर तोंडानं सांगायला हवं. साहेब प्रत्येकाला नाव विचारतो, एकच माणूस दोनदा मोजला जाऊ नये म्हणून."

"आणि हा तर इथे नाहीच," मी म्हणालो.

"म्हणूनच तू जाणार आहेस आणायला, लाय."

आमच्यात असं मानतात की जबर धक्का बसला की माणसाचा एक जीव अंगातून उडतो आणि जिथे धक्का बसला तिथेच घुटमळत राहतो. मग घरच्यांपैकी कुणीतरी तिथे जायचं, त्याचा अंगातला सदरा काठीला अडकवून हलवायचा, आणि नावानं हाक मारायची. वाटभर हाक मारायची. घराच्या दारात एकानं उभं राहायचं. हाक मारणाऱ्यानं विचारायचं, आला का? दारातल्यानं म्हणायचं, आला. की झालं.

"ह्याला पाठवताय?" लोऊदादा चुलीकडून ओरडला. "हा वाटेत बेडकांनासुद्धा गोष्ट सांगत बसेल. सेनचा जीव कंटाळून दुसऱ्याच गावाला जाईल!"

"तुझ्या भातापेक्षा माझी गोष्ट बरी," मी म्हणालो.

"थापाड्या, माझ्या भाताला नाव ठेवू नकोस. उद्या तो पट्टा गेला ना, तर मला तो भातही नाही." हे तो हसत म्हणाला, पण नंतर पळीनं कढई ढवळतच राहिला.

काकानं मला बजावलं. वाटेत कुणाशी बोलायचं नाही. काही ऐकू आलं तरी मागे वळायचं नाही. सेनच्या बाजेवर बांबूला एक निळा सदरा लटकत होता. मी तो घेतला, काठीला अडकवला, वाटीत कच्चे तांदूळ आणि दोन उदबत्त्या घेतल्या, आणि निघालो.

दिवस कलला होता. खाणीत उतरायला खाचा पाडलेले ओंडके होते, ते ओले, बुळबुळीत. आम्ही खाणीत पायात काही घालत नाही, त्यामुळे चिखलाचा गारवा थेट तळव्यातून वर चढला. वर असताना रहाटाची करकर ऐकू येत होती. तळाशी पोचलो आणि ती थांबली. कुणीतरी रहाटाचं पाणी बंद केलं असेल, काम संपलं म्हणून. मी असंच म्हणालो स्वतःशी. मग बेडूकही थांबले, आणि त्याला मला कारण सापडेना.

दरडीचा ढिगारा समोर होता. ओल्या मातीला एक वास असतो, तुम्हाला माहीत आहे. पण त्या वासाच्या खाली आणखी एक वास होता. जुन्या घामाचा. बंद पेटीत राहिलेल्या कपड्यांचा.

मी तांदूळ फेकले. काठी हलवली.

"सेन... ए सेन... घरी चल. भात झालाय. घरी चल रे..."

माझाच आवाज पलीकडच्या भिंतीवरून परत आला. जरा उशिरा आला, असं वाटलं. पुन्हा हाक मारली. पुन्हा आवाज परत आला, आणि ह्या खेपेस त्यात 'सेन' नव्हतं. नुसतं "...भात झालाय..." आणि ते विचारल्यासारखं. भात झालाय?

मी वळलो आणि चढायला लागलो. हाक मारत, काकानं सांगितलं तसं. सदरा काठीच्या टोकाला होता. वारा नव्हता, तरी काठी वाकायला लागली. भिजला असेल, म्हणालो. माझ्यामागे ओंडक्यावर पाय पडत होते. माझ्यासारखेच अनवाणी. फक्त मी थांबलो की ते एक पाऊल जास्त टाकून थांबायचे. बोलायची मनाई होती म्हणून बरं, नाहीतर मी त्याला विचारलं असतं, अरे बाबा, तुझं नाव सेनच ना?

झोपडीच्या दारात लोऊदादा कुबडीवर उभा होता. हातात दिवा.

"आला का?" मी विचारलं.

तो माझ्या खांद्यावरून बघत राहिला. मग कुबडी टेकत एका बाजूला सरला, वाट दिली... आणि बऱ्याच उशिरा म्हणाला, "आला."

माझ्या अंगावरून थंड हवा आत गेली. तोच तेवढा स्पर्श. मी लोऊदादाला म्हणालो, "दादा, इतका वेळ का लावलास?"

"आधी तो आत जाऊ दे म्हटलं," तो म्हणाला. मग त्यानं दिवा वर करून काठीचा सदरा पाहिला. त्याचा चेहरा असा उतरला की मला वाटलं गेलेला पाय पुन्हा कुणी कापतोय. "लाय... हा कुठून आणलास?"

"त्याच्या बाजेवरून. सेनचा आहे ना?"

"सेनचा सदरा मी चुलीत घातला, रक्तानं भरला होता म्हणून. हा सदरा त्या हो युनचा आहे रे."

हो युन आमच्यातला. सेन कामाला यायच्या आधी त्याच कड्याखाली गाडला गेला. सापडला नाही. कडा सारखा ढासळत होता, म्हणून काकानं खणणं थांबवलं. मेलेल्याचे कपडे जाळायचे असतात, पण लोऊदादाच्यानं चांगला सदरा जाळवला नाही. सेन एका सदऱ्यानिशी आला तेव्हा त्यानं तो त्याला देऊन टाकला. आणि हो युनला कधी कुणी हाक मारली नव्हती. त्याचा देह सापडेल तेव्हा मारू, असं ठरलं होतं.

"मी तर सेनच्याच नावानं हाक मारली," मी म्हणालो.

"नाव सेनचं, कपडा हो युनचा. आता कोण आला ते मला काय ठाऊक? मला दोन पाय दिसले. चिखलाचे." मग हळूच म्हणाला, "काकाला सांगू नकोस. उद्याचं उद्या होऊ दे."

सकाळी लोऊदादानं पडदा ओढून सेनला पेज पाजली. बाहेर येऊन म्हणाला, "प्यायला. सगळी प्यायला." आम्ही आत गेलो तर सेन टेकून बसलेला. डोळे खालीच. तो बोलला, घसा खरवडून निघाल्यासारखं: "रहाट इकडे कधी हलवलात?"

काका एकदम मागे सरकला. रहाट हलवला होता तो हो युन गाडला गेल्यावर, सेन यायच्या आधी. सेनला तो कधीच दुसरीकडे दिसला नव्हता.

पण बाहेर बुटांचा आवाज आला. मग कुणाचं काय चालणार! आम्ही सेनला फळीवर घेतला, मोठी बांबूची टोपी डोक्यावर घातली, आणि काठावर रहाटापाशी नेऊन टेकवून बसवला.

साहेब घामाघूम होता, छत्री उघडून उभा. त्याच्याबरोबर पिनांगचा एक दुभाषी. एकेक जण पुढे जाऊन नाव सांगत होता, साहेब बोटानं मोजत होता. मी नाव सांगितलं. शेवटी फळी.

"हा का बसलाय?" दुभाष्यानं विचारलं.

"दरडीत पाय मोडला," काका म्हणाला. "रहाट सांभाळतो."

"नाव?"

काकानं श्वास घेतला.  पण तो काही बोलायच्या आत टोपीखालून उत्तर आलं. प्रत्येक शब्दाचं शेपूट लांबवत, जसं आमच्यात फक्त एकच जण बोलायचा.

"हो युन. कामावर आहे."

दुभाष्यानं नाव साहेबाला सांगितलं. साहेबानं बोट हलवलं, मान हलवली. मोजणी पुरी. पट्टा चालू. साहेबाचा घोडा दिसेनासा होईपर्यंत लोऊदादा दारात कुबडीवर उभा होता. मग त्यानं भात टाकला, आणि मला पहिल्यांदा त्याच्या भातात मीठ जास्त लागलं. तरी मी सगळा खाल्ला.

इथे ही गोष्ट संपते असं मी नेहमी सांगतो. ऐकणारे विचारतात, मग सेनचं काय झालं? मी सांगतो, बरा झाला, मायदेशी गेला, लग्न केलं. आज दिव्यात तेल थोडं उरलंय, म्हणून खरं सांगतो. ह्यातला एक भाग मी बनवला आहे.

सकाळची ती पेज, सेन टेकून बसला, रहाटाबद्दल त्यानं विचारलं, तेवढं माझं. सेन उठलाच नव्हता. मी सदरा घेऊन आत आलो तेव्हाच तो गार पडला होता. रात्रभर आम्ही तिघं त्याच्याशेजारी बसलो, आणि पहाटे लोऊदादा म्हणाला, "काका, मढ्यालाही डोकं असतंच. साहेब डोकी मोजतो." काकानं त्याच्या त्या एका पायाकडे पाहिलं आणि मान डोलावली. असं ठरलं की टोपी खाली ओढायची, आणि नाव विचारलं की दरडीनं ह्याची वाचा गेली असं काकानं म्हणून बघायचं, साहेबाला पटलं तर पटलं. तेवढंच म्हणायला काकानं श्वास घेतला होता.

बाकीचं मी बनवलेलं नाही. ते उत्तर मी बनवलेलं नाही.

सेनला आम्ही त्याच संध्याकाळी पुरलं, नीट, उदबत्त्या लावून, त्या निळ्या सदऱ्यासकट. खाण पुढे कितीतरी वर्षं चालली. लोऊदादा म्हातारा होऊन त्याच चुलीपाशी वारला, कोंग्सीचा भात खात. साहेब दर वर्षी यायचा, छत्री उघडून काठावर उभा राहायचा, बोटानं डोकी मोजायचा. आणि दर वर्षी मोजणी पुरी भरायची.

सेनच्या जागी आम्ही कधी नवा माणूस घेतला नाही. घ्यावा लागलाच नाही.