टकटक ऐकू न येणारं घर

"ठके, आमच्या भिंतीवर पेटी लावलीय! डेटा सेंटरचा आवाज मोजायची, सरकारी नियमाने!" लंबू फोनवर ओरडला.

"तुझ्याकडे तो ऐकू तरी येतो का?"

"छे. चार गल्ल्या लांब आहे मी."

ठकीच्या खिडकीसमोर मात्र संगणकांच्या त्या अजस्र इमारतीचे पंखे अखंड घोंघावत. त्यांना कंटाळून आधी लंबूचं बिऱ्हाड हललं, मग बाकीच्यांची. सुट्टीत खेळायला गल्लीत चिटपाखरू उरलं नव्हतं. रुग्णालयात रात्रपाळी करणारी आई दिवसा पडदे ओढून, कानांत बोळे घालून झोपे. बेलची वायरही तिने काढून ठेवली होती. ठकी जाड हेडफोन लावून एकटीच बसे, आणि तिला फार रडू येई.

"पेटीवर लिहिलंय, सर्वांत जवळचं राहतं घर," लंबू म्हणाला.

"मग आम्ही काय भुतं आहोत?"

लंबू सायकल हाणत आला. दार बडवून त्याचे हात दुखले; शेवटी मागच्या खिडकीशी त्याने हात हलवला, तेव्हा ठकीला तो दिसला.

"डेटा सेंटरच्या कंपनीची माणसंही अशीच दार वाजवून गेली असणार," लंबू म्हणाला. " घर रिकामं, असं लिहून मोकळी!"

ठकीच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला.

दुसऱ्या दिवशी सरकारी निरीक्षक बाई लंबूकडची पेटी बघायला आल्या. लंबूने त्यांना गळ घालून ठकीच्या दारात आणलं. कंपनीचे मॅनेजर कुरकुरत मागे आले.

"रिकामं आहे हो ते. आम्ही तीनदा वाजवलं."

बाईंनी वाजवलं. कोणी उघडेना. मॅनेजर हसले. लंबूने मागे जाऊन खिडकीशी हात हलवला आणि दार उघडलं. आत ठकी आणि मागे जांभया देणारी आई.

"मी स्वयंपाकघरातच होते, हेडफोन न लावता," ठकी म्हणाली. "तुमची टकटक ऐकूच आली नाही."

बाईंनी स्वतःचं यंत्र काढलं. आकडा मर्यादेच्या कितीतरी पुढे गेला. मॅनेजरांचा चेहरा पडला. पंख्यांभोवती भिंत बांधायला त्यांना महिन्याची मुदत मिळाली.

"आमच्या कागदांना जे दिसलं नाही, ते तुम्ही दाखवलंत. शाबास," बाई म्हणाल्या. वहीत त्यांनी लिहिलं, 'राहतं घर. माणसं दोन.' ठकीने ते दोनदा वाचलं.

सुट्टीच्या शेवटच्या दिवशी हेडफोन खुंटीवर होते. गल्ली अजून ओसच होती. ठकी स्वयंपाकघरात चित्र काढत होती.

टक टक.

ती क्षणभर नुसती ऐकत राहिली. मग लंबूला दार उघडायला धावली.