मोरचूद नसलेली खळ

धामणगडावर उजाडत होते. पूर्व बुरुजामागे आभाळ केशरी झाले, खाली मोगलांच्या छावणीतील राहुट्या एकामागून एक उजळल्या, आणि खंदकात फुगून तरंगणारी तोफखान्याची मेलेली जनावरे साऱ्या गडाला पुन्हा दिसू लागली. वेढ्याला पाच महिने झाले होते. तळ्याच्या पाण्यावर हिरवी साय धरली होती. लोक तेच फडक्यातून गाळून पीत होते. किल्लेदार रुस्तुमजंगांच्या सदरेवर मात्र खालचा वास वर येऊ नये म्हणून रोज गुलाबपाणी शिंपडले जात होते.

त्याच वासात, महादरवाजाच्या आतल्या अंगाला, मर्जानबीबीचे किताबांचे दुकान होते. नवव्या वर्षी चौलच्या बंदरात दात तपासून विकली गेलेली ही हबशीण. विकत घेणाऱ्या काझीने तिला अक्षर शिकवले आणि मरताना दास्यातून मोकळे केले. मग पाठीवर गाठोडे टाकून गावोगाव पोथ्या विकता विकता तिने असा जम बसवला की, आता सहा लेखक आणि पोथ्यांचे पुठ्ठे बांधणारा म्हातारा सटवाजी जिनगर तिच्या पदरी होते. तिच्याकडची पोथी पाणी शिंपडून घरात घेणारे लोकही पोथी हवी झाली की तिच्याच पायरीशी येत. तिला त्याचे हसू येई, आणि किळसही.

त्या बुधवारी नजराणे सांभाळणाऱ्या तोशाखान्याचा कारभारी एक किताब फडक्यात धरून, नाक मुरडत आला.

"बीबी, हा तुमच्याच दुकानचा. वाटाघाटीला वकील जाणार, त्याच्याबरोबर मोगल सरदाराला नजर करायचा आहे. दिवाण खंडोपंतांनी कोणाला हात लावू दिला नव्हता. पण ते तीन दिवस पोटाच्या दुखण्याने आडवे आहेत आणि यातून किडे निघताहेत. उद्यापर्यंत नीट करून द्या."

तो गेल्यावर सटवाजीने किताब चौरंगावर ठेवला. सोनेरी नक्षीचे चामडे एका बाजूने सुटले होते आणि आतून पांढरी कसर वळवळत खाली गळत होती. म्हातारा संतापला.

"हे माझ्या हातचे नाही, बीबी. मी खळीत मोरचूद घालतो, त्याला किडा तोंड लावत नाही. मागचा पुठ्ठा बघा, जसाच्या तसा आहे. पुढचा कोणीतरी उकलला आणि नुसत्या कणकेच्या खळीने चिकटवला. किड्यांना पंगत वाढली."

मर्जानने पातीने चामडे सोडवले. पुठ्ठ्याच्या थरांत एक घडी केलेला कागद होता. मोडी अक्षर खंडोपंतांचे, शिक्का किल्लेदाराचा. 'वकील पोहोचल्यावर पहिल्या शुक्रवारी दुपारी महादरवाजाचा अडसर काढू. आमचे प्राण, कबिले व चीजवस्त राखावी. आश्रयास आलेली पेठेची बाराशे माणसे, हबशी धरून, छावणीने गुलाम करून न्यावी. आमचा उजूर नाही.'

भय नंतर वाटले.  आधी चौलच्या दलालाची बोटे तिला पुन्हा जिभेवर जाणवली, आणि ती मोरीपाशी जाऊन ओकली.

"जाळून टाका," सटवाजी पुटपुटला.

"जाळला तर दुसरा लिहितील."

"मग फिर्याद कोणाकडे न्यायची? शिक्का तर किल्लेदाराचाच."

"ज्यांच्या हाती अडसर आहे, त्यांच्याकडे," ती म्हणाली.

तिच्या दुकानात एकाने वाचायचे आणि सहांनी लिहायचे, अशी रीत होती. दार लावून ती स्वतः वाचायला बसली. पेठेच्या माणसांच्या ओळीला एका लेखकाचा बोरू थांबला. त्याची आई पेठेतली होती. तिने तीच ओळ पुन्हा शांतपणे वाचली आणि बोरू चालू लागला. दुपारपर्यंत अठरा नकला झाल्या, अठरा बुरुजांसाठी. प्रत्येक बुरुजावर तिसऱ्या प्रहरी कारकून शिपायांची हजेरी वाचत असे, आणि त्या साऱ्यांना शाई तीच पुरवीत असे. शाईच्या दौतींबरोबर, 'हजेरीत मोठ्याने वाचावी' या निरोपाने, नकला गेल्या. अस्सल कागद घेऊन ती महादरवाजाच्या सुभानजी नाइकाकडे गेली.

नाइकाला वाचता येत नव्हते, पण शिक्का तो ओळखत होता. "बीबी, हे खोटे ठरले तर तुमचा कडेलोट होईल."

"ठाऊक आहे. म्हणून तर स्वतः आले."

बातमी सदरेवर पोहोचायला वेळ लागला नाही. रुस्तुमजंग पालखीतून उतरले, अत्तराचा रुमाल नाकाला लावून.

"तो कागद इकडे दे, हबशिणी."

मर्जानने कागद दिला नाही. तिने तो उलगडून शिपायांसमोर खड्या आवाजात वाचला. तिचा आवाज थांबला तेव्हा वरच्या बुरुजांवरून कारकुनांचे आवाज ऐकू आले; तेही तेच शब्द वाचत होते.

"खानसाहेब," ती म्हणाली, "शिक्का आपला नसेल तर तसे सांगावे. मी स्वतः कड्यापर्यंत चालत जाईन."

"धरा हिला," किल्लेदार म्हणाले.

कोणी हलले नाही. सुभानजी पुढे झाला आणि त्याने पालखीच्या भोयांना बाजूला व्हायला सांगितले.

रुस्तुमजंगांच्या पायांत बेड्या पडल्या. गड झुंजला आणि दीड महिन्याने मोगलांनी वेढा उठवला. बाराशे माणसे आपापल्या घरी गेली. अक्षर दिवाणाचे आहे, हेही मर्जानने सुभानजीला सांगितले होते. तो खाली बघत म्हणाला, "पण बीबी, त्यांच्यावाचून गडाचा कारभार कोणाला उमगतो?" तेव्हा गडावर नवा किल्लेदार बसला तो खंडोपंतच, धुतल्या तांदळासारखा.

त्याने तिला भर सदरेवर मानाचा पोशाख म्हणून किनखापी खिलत दिली, बोट लागणार नाही इतक्या लांबून. मग आवाज उतरवून म्हणाला, "मर्जान, तो अस्सल कागद दफ्तरी असलेला बरा."

"तो किड्यांनी खाल्ला, साहेब," ती म्हणाली आणि मुजरा करून उतरली.

दुकानात येऊन तिने आधी हात धुतले. मग लाकडी पेटीतून तो कागद काढून सटवाजीपुढे ठेवला आणि त्यावर ती खिलत टाकली.

"याला पुठ्ठा बांध. अस्तराला हा किनखाप काप," ती म्हणाली. "आणि खळीत मोरचूद दुप्पट घाल."