थोरलीच्या कोंबड्या

"ताई, माझी पोर गुदमरून गेली, म्हणजे तुमचं समाधान होईल का?"

धाकट्या जावेचे हे शब्द कानावर पडले आणि थोरलीच्या हातातली कोंड्याची पाटी कलंडली.

नवरा गेल्यावर या घरात आपण नुसतं खाणारं तोंड होऊन उरू नये, म्हणून तिने परसात कोंबड्यांचा हा पसारा मांडला होता. अडगळीतलं मोडकं कपाट आडवं टाकलं, दारांच्या जागी जाळी ठोकली, आत बसायला एक काठी, खाली सुताराकडचा भुसा. कोंबड्याही काटक निवडल्या... उरलंसुरलं आणि परसातले किडे खाऊन राहणाऱ्या, कुणाला ताप न देणाऱ्या. भुशातलं ऊन ऊन अंडं हाती लागलं, की तिच्या विझल्या मनात धुगधुगी येई. आणि पहिलं अंडं नेहमी त्या पोरीचं, जिला तिने जन्म दिला नव्हता, पण जीव लावला होता.

"पिसांमुळे धाप लागते, असं डॉक्टर म्हणाले?" तिने कसंबसं विचारलं.

"असू शकतं, म्हणाले. मला तेवढं पुरे."

त्याच दुपारी थोरलीने सगळ्या कोंबड्या पलीकडच्या गल्लीतल्या शिवणवालीला देऊन टाकल्या.

पण पोरीची धाप थांबली नाही, उलट वाढली. अखेर एके सकाळी दिराने तिचा पलंग ओढला आणि तो जागीच थिजला. पलंगामागची भिंत काळ्या बुरशीने माखली होती... आतला नळ कधीपासून झिरपत होता, कोण जाणे. त्या भिंतीला नाक लावून लेकरू झोपत होतं. धाकटी मटकन खाली बसली. थोरलीने पोरीला उचललं आणि आपल्या खोलीत नेलं.

तिथे पोरीचा श्वास हळूहळू मोकळा झाला. धाकटी मात्र नजर चुकवत वावरत राहिली.

आणि मग एका दुपारी परसात कलकलाट ऐकून थोरली धावली, तर धाकटी टोपली घेऊन उभी. टोपलीत तलंगा... अजून अंड्यावर न आलेल्या कोवळ्या कोंबड्या.

"शिवणवालीकडे गेले होते. तुमच्या कोंबड्या तिथे रुळल्यात, परत मागायला जीभ रेटेना. म्हणून या आणल्या. डॉक्टरांना विचारूनच आणल्या." तिने टोपली पुढे केली. "माफ करा म्हणायलाही मला तोंड नाही, ताई..."

तेवढ्यात एक तलंग उसळून बाहेर आली. जन्मात कधी कोंबडीला हात न लावलेल्या धाकटीने घाबरून तिची मान पकडली.

"अगं, तशी नाही. पंख दाबून घे. हं, आता पोटाशी धर."

कोंबडी शांत झाली. धाकटी मात्र हुंदके देत रडू लागली आणि थोरलीने तिला कोंबडीसकट जवळ घेतलं.